शिशिराच्या अखेरीस परसबागेची तयारी : जमिनीलगतच्या हवामानाचा विचार

फेब्रुवारी महिन्यातील एखाद्या दिवशी पुण्याचे किमान तापमान ११ अंश सें. होते असे वृत्तपत्रात प्रसिद्ध होते, तेव्हा तो आकडा एका विशिष्ट जागेचा असतो. प्रमाण पद्धतीनुसार वेधशाळेच्या मोकळ्या आवारात, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाने दाखविलेले ते तापमान होय. परसातील भेंडीचे बी मात्र दोन बोटे खोल मातीत पडलेले असते आणि वांग्याचे रोप वीतभर उंचीच्या हवेत, उघड्या आकाशाखाली रात्र काढीत असते. या तिन्ही ठिकाणचे तापमान एकाच क्षणी सारखे असेल, असे मानण्यास कोणताही आधार नाही. किंबहुना निरभ्र व निवांत रात्री ते सारखे नसतेच. शिशिराच्या अखेरीस परसबागेत होणाऱ्या बहुतेक नुकसानीचे मूळ या फरकाकडे झालेल्या दुर्लक्षात आहे.

वसंतातील व उन्हाळ्यातील भाजीपाल्यासाठी परसबाग केव्हा व कशी सिद्ध करावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात जमिनीलगतच्या हवेच्या व मातीच्या तापमानाच्या आधारे केला आहे. विवेचन मुख्यतः देश, मराठवाडा व विदर्भ या भागांपुरते मर्यादित आहे. कोकणात समुद्राच्या सान्निध्यामुळे दिवस व रात्र यांच्या तापमानातील अंतर कमी असते. त्यामुळे तेथील प्रश्नाचे स्वरूपच निराळे आहे.

१. ऋतू, तिथी आणि तापमान

शास्त्रानुसार माघ व फाल्गुन हे शिशिराचे आणि चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने होत. तथापि वसंतपंचमी येते ती माघ शुद्ध पंचमीस, म्हणजे ऐन शिशिरात. या सुमारास आंब्याला मोहोर दिसू लागतो, दुपारचे ऊन चांगलेच जाणवू लागते आणि बागेत बी टाकण्याची घाई सुरू होते. पण चांद्रमासाची तिथी सौरवर्षाच्या मानाने मागेपुढे सरकत असते. २०२१ मध्ये वसंतपंचमी १६ फेब्रुवारीस होती, २०२६ मध्ये ती २३ जानेवारीस आली. चोवीस दिवसांच्या या अंतरात दख्खनच्या पठारावरील रात्रीच्या तापमानात पुष्कळ फरक पडतो. यास्तव तिथी ही सणाची खूण म्हणून योग्य असली, तरी पेरणीची खूण म्हणून पुरेशी नाही. इंग्रजी दिनांकाची स्थितीही फारशी निराळी नाही. कारण सूर्य नियमाने वागत असला तरी वातावरण तसे वागत नाही.

२. शिशिरान्तीची अस्थिरता

फेब्रुवारीत पुण्याचे सरासरी कमाल तापमान सुमारे ३२ अंश, तर सरासरी किमान तापमान सुमारे १२ ते १३ अंश असते. म्हणजे एका दिवसातच जवळजवळ २० अंशांचा चढउतार होतो. कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि समुद्रापासूनचे अंतर ही याची कारणे. पावसाळ्यात हवेतील बाष्प व ढग जमिनीकडून निघणारे अवरक्त प्रारण शोषून त्याचा काही भाग परत पाठवितात. शिशिरात हे पांघरूण विरळ झालेले असते. म्हणून सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने निवते.

या दैनंदिन चढउतारावर आणखी एका बदलाची भर पडते. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावून पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात उत्तर भारतावरून जातात. त्यांपैकी एखाद्याचा प्रभाव दक्षिणेकडे पसरला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्पयुक्त वारे आत आले, म्हणजे विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्र येथे मेघगर्जनेसह पाऊस व गारपीट होते. विक्षोभ पुढे सरकल्यावर उत्तरेकडील कोरडे, थंड वारे वाहू लागतात. बागेच्या दृष्टीने हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे : प्रथम ढगाळ व उबदार रात्री, मग कदाचित पाऊस वा गारा, आणि त्यानंतर आकाश स्वच्छ होऊन एकाएकी थंडी. ढगाळ हवेतील उबदार रात्र ही थंडी संपल्याची खूण समजली जाते. वस्तुतः पुष्कळदा ती थंडीच्या पुढील फेरीची पूर्वसूचना असते.

अलीकडील वर्षांत या अस्थिरतेची उदाहरणे वारंवार मिळाली आहेत. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या बहुसंख्य जिल्ह्यांत गारपीट होऊन शेतीची मोठी हानी झाली. २०२३ च्या फेब्रुवारीत देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत त्या महिन्यापुरते सर्वाधिक ठरले, आणि लगेच पुढच्या मार्चमध्ये महाराष्ट्रात अवकाळी पाऊस व गारा पडल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत देशाचे सरासरी तापमान पुन्हा त्या महिन्यापुरते उच्चांकी होते. अर्थात पेरणी लांबणीवर टाकली म्हणजे धोका टळला, असेही म्हणता येत नाही. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आसपास गेले की टोमॅटोच्या फुलांची गळ वाढते. अधिक उष्णतेत काकडी, दोडका, दुधी भोपळा यांसारख्या वेलांवर नरफुलांचे प्रमाण वाढून फळे कमी धरतात. लवकर पेरावे तर थंडी, उशिरा पेरावे तर उष्मा, अशा दोन मर्यादांमधील काही आठवड्यांचा अवधी परसबागेस मिळतो. तो नेमका ओळखणे हाच खरा प्रश्न आहे.

३. जमिनीलगतची हवा : पुण्यातील एक शोध

निरभ्र व वारा नसलेल्या रात्री जमीन प्रारणाने उष्णता गमावते आणि तिच्या स्पर्शाने लगतची हवा निवते; म्हणून सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटलेली असावी आणि वर जावे तसे तापमान वाढत जावे, असे पूर्वी सर्वत्र मानले जात असे. पुण्यात डॉ. एल. ए. रामदास यांनी या समजुतीला धक्का दिला. भारतीय कृषिहवामानशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे रामदास हे सी. व्ही. रामन यांचे शिष्य. भारतीय हवामान खात्यातील कृषिहवामानविषयक शाखेचे कार्य पुण्यात १९३२ मध्ये सुरू झाले, ते त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्याच वर्षी रामदास व आत्मनाथन यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले, की उघड्या जमिनीवर रात्रीचे सर्वांत कमी तापमान प्रत्यक्ष पृष्ठभागी नसून त्याच्या काही डेसिमीटर वर, म्हणजे साधारणतः वीत ते हात या अंतरात आढळते.

या निष्कर्षावर प्रारंभी पुष्कळांचा विश्वास बसला नाही, आणि त्यास कारणही होते. थंड हवा जड असते. उबदार हवेवर थंड हवेचा थर रात्रभर टिकून राहतो, हे विधान स्थितिकीच्या सामान्य नियमांशी विसंगत भासते. उपकरणातील दोष किंवा आजूबाजूच्या उतारावरून वाहत आलेली थंड हवा, अशी स्पष्टीकरणे सुचविली गेली. परंतु जर्मन संशोधक राश्के यांनी पुण्यातच अधिक काळजीपूर्वक मापने करून १९५७ मध्ये या घटनेस दुजोरा दिला. आता जगभरच्या वाङ्मयात या थरास ‘रामदास थर’ असे नाव आहे. त्याचे सैद्धांतिक विवेचन वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन व नरसिंह यांनी १९९३ मध्ये मांडले. जमिनीलगतची हवा स्वतः प्रारणाने उष्णता गमावते, आणि जमीन मात्र आतील साठ्यामुळे तितक्या वेगाने निवत नाही, हे त्या विवेचनाचे सूत्र होते. पुढे बेंगळुरू येथील संशोधकांनी हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा, म्हणजे वायुकलिलांचा, या निवण्यातील वाटा पुढे आणला.

परसबागेच्या दृष्टीने यातून निघणारे अनुमान महत्त्वाचे आहे. उघड्या वाफ्यात नुकतेच उगवलेले दोन पानांचे रोप आणि त्याच वाफ्यात लावलेले वीतभर उंचीचे रोप यांपैकी उंच रोपाचा शेंडा अधिक थंड हवेत असण्याचा संभव असतो. शिवाय पान हे स्वतः प्रारण करणारे शरीर आहे; उघड्या आकाशाखाली ते भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. पेटीतील तापमापक १० अंश दाखवीत असताना पानाचे तापमान त्याहून कित्येक अंश खाली असू शकते. भेंडी, काकडी, भोपळा, कारले इत्यादी उष्ण प्रदेशीय पिकांना इजा होण्यासाठी पाणी गोठण्याची आवश्यकता नसते. सुमारे १० ते १२ अंशांखाली काही रात्री गेल्या, तरी त्यांची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात व मुळांचे कार्य मंदावते. दहिवर गोठलेले दिसले नाही म्हणून रोप सुरक्षित राहिले, हा समज यास्तव फसवा आहे.

मात्र या थराविषयी एक मर्यादा लक्षात ठेवावयास हवी. तो उघड्या जमिनीवर, निरभ्र आकाशाखाली व जवळजवळ निर्वात रात्रीच टिकतो. थोडासा वारा सुटला तरी हवेचे थर मिसळतात. दाट पिकाखाली झाकलेल्या जमिनीत परिस्थिती बदलते आणि सर्वांत थंड पातळी पानांच्या वरच्या थराजवळ जाते.

४. मातीचा उष्णतासाठा

रात्री जमिनीलगतच्या हवेला काही आधार मिळत असेल, तर तो दिवसा मातीत साठलेल्या उष्णतेचाच. हा साठा मातीतील ओलाव्यावर फार अवलंबून असतो. कोरड्या, भुसभुशीत मातीच्या कणांमध्ये हवा भरलेली असते. हवा उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे दुपारची उष्णता खोल उतरत नाही. पृष्ठभाग दिवसा अतिशय तापतो व रात्री अतिशय निवतो. माती बेताने ओली असेल, तर पाण्यामुळे तिची उष्णताधारकता व संवाहकता दोन्ही वाढतात आणि रात्री खालून वर येणारी उष्णता अधिक असते.

खोलीप्रमाणे तापमानाचा दैनंदिन चढउतार झपाट्याने कमी होतो. सुमारे ३० सें.मी. खोलीवर तो जवळजवळ नाहीसा होतो. बी ज्या दोन ते पाच सें.मी. खोलीवर पडते, तेथे तो अद्याप बराच असतो, आणि तेथील किमान तापमान सूर्योदयाच्या सुमारास येते. यावरून एक साधी कसोटी मिळते. साधा तापमापक सकाळी सूर्योदयाच्या वेळी पाच सें.मी. खोल मातीत धरावा. सलग सात-आठ दिवस तेथे १८ अंश किंवा त्याहून अधिक तापमान मिळाले, की भेंडी, गवार, चवळी व वेलवर्गीय भाज्या पेरण्यास हरकत नाही. या बियांची उगवण साधारणतः १५-१६ अंशांखाली फार रेंगाळते, तर २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान ती उत्तम होते. थंड व ओल्या मातीत रेंगाळलेले बी बुरशीला बळी पडते. ते कुजते, किंवा उगवलेच तर रोप जमिनीलगत कोलमडते. एका उबदार दुपारीवरून केलेली पेरणी वाया जाते ती बहुधा याच मार्गाने.

आच्छादनाविषयीही याच तत्त्वाने विचार करावा लागतो. पालापाचोळा किंवा गवत यांचे आच्छादन परसबागेस सर्वकाळ हितकारक असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. उन्हाळ्यात ती खरी आहे. पण कोरडे आच्छादन हे उष्णतेचे रोधक असते. शिशिराच्या अखेरीस ते दिवसा माती तापू देत नाही आणि रात्री मातीची उष्णता वरच्या हवेपर्यंत पोहोचू देत नाही. परिणामी आच्छादनाच्या वर असलेली रोपाची पाने उघड्या ओल्या जमिनीवरील पानांपेक्षा अधिक थंडी सोसतात. म्हणून थंडीची शक्यता आहे तोवर वाफा उघडा व बेताने ओला ठेवावा, आणि रात्री उबदार होऊ लागल्यावर आच्छादन पसरावे, हा क्रम शास्त्रशुद्ध ठरतो.

आच्छादनाचा रंगही दुर्लक्षणीय नाही. काळ्या मातीवर खडूसारख्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिल्यास दिवसा मातीचे तापमान स्पष्टपणे उतरते, हे रामदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील प्रयोगांत दाखविले होते. भाताचा पेंढा, वाळलेले गवत यांसारखे फिकट रंगाचे आच्छादन मार्चनंतर अधिक उपयुक्त ठरते, ते काही अंशी याच कारणाने.

५. मशागतीचा क्रम

वरील विवेचनावरून परसबागेच्या कामाचा क्रम पुढीलप्रमाणे लावता येतो.

खणणी जानेवारीतच उरकावी. नुकतीच खणलेली, सैल व कोरडी माती रात्री अधिक निवते. तिला बसण्यास व ओलावा धरण्यास पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे मिळावेत. कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट याच वेळी मिसळावे. मध्येच अवकाळी पाऊस पडल्यास काळ्या जमिनीत पाय घालू नये, कुदळही लावू नये. ओल्या स्थितीत तुडविलेली माती वाळल्यावर दगडासारखी ढेकळे धरते. वापसा येईपर्यंत थांबणे हे त्या वेळी सर्वांत मोठे काम असते.

मिरची, वांगी व टोमॅटो यांची रोपे भिंतीच्या आडोशाला, शक्यतो दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत करावीत. विटांची किंवा दगडाची भिंत दुपारची उष्णता साठवून रात्री परत देते. शिवाय ती रोपांपुढील थंड आकाशाचा काही भाग झाकते. रोपे उंच व लुसलुशीत होऊ देण्यापेक्षा ठेंगणी व टणक ठेवावीत. त्यांसाठी पाणी बेताचे द्यावे व ऊन भरपूर मिळू द्यावे.

थंड रात्र अपेक्षित असेल, त्या दिवशी वाफ्याला सकाळीच पाणी द्यावे, म्हणजे ओल्या मातीला दिवसभर उष्णता साठविण्यास अवसर मिळतो. विहिरीचे पाणी या दिवसांत पहाटेच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते, हा त्याचा आणखी एक लाभ. सूर्यास्तापूर्वी रोपांवर गोणपाट, जुने धोतर किंवा कागद यांचे आवरण काठ्यांच्या आधाराने घालावे. आवरण पानांना टेकू नये. मात्र ते बाजूंनी जमिनीपर्यंत पोहोचावे, कारण मातीतून वर येणारी उष्णता अडविणे हाच त्याचा हेतू आहे. सूर्य वर आल्यावर ते काढणे आवश्यक आहे. अन्यथा माती तापण्याचे त्या दिवसाचे काम अडते.

गारांचा उपद्रव बहुधा दुपारनंतरच्या वादळी ढगांतून होतो. त्यासाठी जाळीचा किंवा तट्ट्यांचा हलका मांडव आधीच उभारलेला असावा. हाच मांडव एप्रिलमध्ये सावलीसाठी उपयोगी पडतो. गारा पडून गेल्यावर तुटलेली पाने काढून टाकावीत, साचलेल्या पाण्यास वाट द्यावी, आणि वापसा येताच पृष्ठभागावर धरलेली खपली खुरप्याने हलकेच फोडावी; नाहीतर खालचे बी वर येऊ शकत नाही.

मेथी, पालक व कोथिंबीर यांचा हंगाम या सुमारास संपत येतो. उष्णता वाढताच ही पिके फुलावर येतात, म्हणून त्यांचे वाफे अगोदरच टप्प्याटप्प्याने मोकळे करणे इष्ट.

६. बियाण्याचा प्रश्न

परसबागेत चुकीच्या वेळी पेरलेल्या बियांची किंमत दुकानातील पाकिटावरून ठरविणे पुरेसे नाही. अनेक घरांतील वाल, घेवडा, भोपळा, काकडी किंवा वांगी यांची बियाणी पिढ्यान् पिढ्या त्याच घरी राखलेली असतात. असे वाण कित्येकदा एका घरापुरते किंवा एका वाडीपुरतेच उरलेले असते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांनी अशा देशी वाणांचे जतन करून जे कार्य उभे केले, त्याची दखल २०२० सालच्या पद्मश्री सन्मानाने घेण्यात आली. त्यांच्या कार्यामुळे परसबाग ही आहाराची सोय असण्याबरोबरच वाणसंरक्षणाची जागा आहे, ही गोष्ट अभ्यासकांपुढे ठळकपणे आली.

हे ध्यानी घेता हवामान अनिश्चित असताना राखलेले सगळे बी एकाच दिवशी मातीत घालणे अयोग्य होय. बियाण्याचे निदान चार भाग करावेत. पहिला भाग मातीच्या तापमानाची कसोटी लागताच पेरावा, दुसरा व तिसरा भाग प्रत्येकी दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरावा, आणि चौथा भाग कोरड्या व बंद भांड्यात पुढील वर्षासाठी राखावा. पहिल्या पेरणीवर थंडी किंवा गारा आल्या, तर दुसरी वाचते. तिसऱ्या पेरणीस उष्म्याने गाठले, तर पहिलीची फळे हाती आलेली असतात. तिन्ही गेल्या, तरी वाण नाहीसे होत नाही. एकाही पेरणीचे पूर्ण उत्पन्न कदाचित मिळणार नाही, पण सर्वस्व गमावण्याची शक्यता फार कमी होते. हवामानाचा अंदाज आज पाच-सात दिवसांपर्यंत बराच विश्वसनीय झालेला आहे. त्याचा उपयोग आवरण घालण्यासाठी व पाणी देण्यासाठी अवश्य करावा. परंतु बी पेरल्यापासून फळ धरेपर्यंतचा दीड-दोन महिन्यांचा काळ त्या अंदाजाच्या कक्षेबाहेर राहतो. त्या काळासाठी टप्प्याटप्प्याची पेरणी हाच व्यवहार्य उपाय उरतो.

७. निरीक्षणास वाव

रामदास यांचे मूळ कार्य पुण्याच्या जमिनीवर झाले. त्यानंतरच्या काळात शहरांतील परसांची स्थिती पुष्कळ बदलली आहे. भोवती उंच इमारती आल्या, अंगणांत फरशी आली आणि हवेतील धूलिकणांचे प्रमाणही वाढले. अशा परसात रात्रीचे किमान तापमान नेमक्या कोणत्या उंचीवर आढळते, ओला वाफा व आच्छादित वाफा यांवरील हवेत किती अंशांचा फरक पडतो, आणि काळ्या व मुरमाड जमिनींत ही मूल्ये कशी बदलतात, हे प्रश्न पदव्युत्तर अभ्यासाच्या आवाक्यातील आहेत. त्यांसाठी मोठ्या साधनांची गरज नाही. पाच सें.मी. खोलीवर एक, आणि जमिनीपासून ५, १५, ३०, ६० व १२० सें.मी. उंचीवर एकेक, असे सहा बारीक टोकाचे तापमापक शेजारशेजारच्या दोन वाफ्यांत लावावेत. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, सूर्यास्तानंतर दोन तासांनी व सूर्योदयाच्या वेळी, ढग व वारा यांच्या नोंदींसह त्यांचे वाचन घ्यावे. त्यांच्या जोडीला दर वाफ्यातील उगवणीची मोजणी ठेवली, तर एका हंगामाच्या अखेरीस त्या परसापुरती पेरणीची वेळ ठरविण्यास प्रत्यक्ष आधार मिळेल.